पत्र कागदपत्रांत धरत नाहीत म्हणे

हातानं लिहिलेलं पत्र कागदपत्रांत धरत नाहीत, हे मला चार महिन्यांत एकानंबी सांगितलं न्हाई. आपल्या घराण्याच्या ह्या इंटरनेटवरच्या गटात एवढी शिकलेली डोकी हायत, ती काय नुसत्या लग्नपत्रिका चढवायला? असो. रामराम.

माझा विलास अमेरिकेत. पडद्यावरचं बारीक अक्षर मला वाचवत न्हाई, त्याचं हातचं मोठं अक्षर वाचता येतं. म्हणून पत्र लिहून, त्याचा फोटो गटाच्या फायलींत ठेवायचा, असं ठरलं होतं. दर बाजारच्या दिवशी मी सांगलीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जायची, गटाच्या फायलींत त्याचं नाव शोधायची, पत्र म्हंजे कागदपत्रच म्हणून 'डॉक्युमेंट'च्या खान्यावर खूण करायची. काहीच निघायचं न्हाई. पोरगं विसरलं म्हणून मीबी एक ओळ धाडली न्हाई.

आज दुकानवाले अण्णा मागं येऊन उभे राहिले.

"आज्जी, डॉक्युमेंट म्हंजे टाईप केलेली फाईल. तुमची पत्रं फोटोच्या खान्यात असणार."

"आवं, फोटो काढला म्हणून ते पत्र राहत न्हाई व्हय?"

"मशिनला हातचं अक्षर कळत न्हाई."

"आन् मला मशिनचं. बरी जोडी जमली."

फोटोवर खूण केली. चार पत्रं निघाली. शेवटच्यात दोनच ओळी: "आई, तू उत्तर देत नाहीस. आता मी लिहीत नाही."

अण्णांनी मागवलेला चहा तसाच निवला. आता मी सांगतेय आन् ते टाईप करतायत.

विलास, मी दर आठवड्याला शोधत होते, चुकीच्या खान्यात. उत्तर तूच द्यायचं, हातानं लिहून. बाकीच्यांनी मधी तोंड घालायचं न्हाई.