अर्धाच निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, विमलला, तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

माझा स्वभाव मुळातच संशयी. पाथरीच्या एका शाळेत कारकुनी केली. वैद्यकीय रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. मेव्हण्याच्या लग्नात नाचून आलेला मास्तर दाखला जोडून 'छातीत कळा' लिहायचा. असले कागद वर्षानुवर्षं पाहिल्यावर माणूस कुणाच्या दुखण्यावर विश्वास ठेवील? विमलच्या छातीत आवळायला लागलं, तेव्हा मी मनात तारखा जुळवू लागलो — माझी आई यायची असली की दुखतं का? शेवया-पापडांचं काम निघालं की दुखतं का?

मोठ्या शहरात नेऊन अँजिओग्राफी केली. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा मी एकटाच आत गेलो. आमच्याकडे रीतच तशी — बाई बाहेर बाकावर, डॉक्टरशी बोलायचं ते पुरुषानं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या नसा मोकळ्या आहेत, ब्लॉकेज नाही. मी मनात म्हटलं, पकडली! पण ते पुढेही बोलले. हृदयाच्या बारीक नसा आवळल्या तरी असंच दुखतं, दुखणं खरं आहे. रोजच्या गोळ्या लिहून दिल्या, महिन्याने परत बोलावलं. मला वाटलं, याला गिऱ्हाईक सोडवेना.

बाहेर आलो आणि तिला सांगितलं — काही नाही म्हणाले, मनाचं आहे.

चिठ्ठी घडी करून खिशात घातली, ती कुणाला दाखवलीच नाही.

तीन वर्षं, हो, तीन वर्षं ती स्वतःलाच खोटी समजत राहिली. "माझं मनच खराब हाय," म्हणायची. पुढे दुखतंय हे सांगणंही सोडलं. एकदा मी खिडकीतून पाहिलं — अंगणात कुणी नव्हतं, बादली खाली ठेवून ती भिंतीला टेकली होती, ओठ पांढरेफटक. कुणी बघत नसताना नाटक कोण करतं? मला कळलं. त्याच क्षणी कळलं. तरी, मी पाहतोय हे तिला ठाऊक असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी आत वळलो. खरं म्हणजे भ्यालो होतो — चिठ्ठीचं सांगावं लागेल म्हणून.

शेवटी माझ्या भाचीनं तिला परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी विमललाच समोर बसवून सगळं समजावलं, गोळ्या सुरू केल्या. घरी येऊन विमल रडली. आपण खोटं बोलत नव्हतो, या आनंदानं रडली हो ती! मग डोळे पुसून मला म्हणाली, "त्या पहिल्या डॉक्टरला कसं कळलं न्हाई ओ?"

मी म्हटलं, डॉक्टरच तसला होता.

आता तिचं दुखणं पुष्कळ कमी आहे. गल्लीत कुणाच्या छातीत दुखलं की ती बजावते — त्या डॉक्टरकडं जाऊ नका, माझी तीन वर्षं खाल्ली त्यानं. मी शेजारीच बसलेला असतो. मान डोलावतो.