खापावाली

गोपिका लग्न होऊन नागपूरच्या इतवारीमागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत आली ते १९६१ साल. थोरल्या जावेचं नावही गोपिकाच. सासू अंजनाबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल लावला, "हाक मारली का दोघीबी धावून येतीन. लहानीले खापावाली म्हना." तेव्हापासून नळावर, हळदीकुंकवात, सगळीकडे ती खापावाली झाली. नवरा महादेवरावही तेच म्हणू लागला.

तिला राग नव्हता. उलट कुणी ना कुणी दिवसभर तिच्या गावाचं नाव घेई आणि हातमागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तिला कन्हान नदीचा काठ दिसे. वडील, नत्थूजी, सांगायचे, "नदीनं काठाची खाप काढून नेली, उरलेल्यावर लोक वसले, म्हनून खापा." खरंखोटं कन्हानलाच ठाऊक.

वडील गेले आणि माहेरी जाणं आटलं. पुढे भाचीच्या लग्नाला ती खाप्याला गेली. अंगणात पाऊल ठेवते तोच भावजयीनं आत वर्दी दिली, "नागपूरवाली आली वं." मग पोरंही नागपूरवाली आत्या म्हणू लागली. गोपिका हसली आणि पुऱ्या लाटायला बसली. संध्याकाळी शेजारची म्हातारी बायजाबाई काठी टेकत आली, तिचं तोंड निरखत म्हणाली, "गोपे, लय वाळली वं तू." पिठाच्या हातांनीच तिनं म्हातारीला धरलं आणि पोटभर रडली. वर्षभरात बायजाबाई गेली. 'गोपे' म्हणणारं मग कुणी उरलं नाही.

१९८४ साली घरात सून आली, भिवापूरची कौसल्या. आठवडाभरात गल्लीनं तिची भिवापूरवाली करून टाकली. गोपिकाला ते लागलं. भाजी निवडताना ती म्हणाली, "मी सांगीन सगळ्यायले, नावानंच बोलवत जा म्हनून."

कौसल्या मान खाली घालून म्हणाली, "राहू द्या ना, आई. तेवढंच तिकडचं कानावर पडते."

दिवाळीला अवकाश होता, तरी त्याच रविवारी गोपिकानं सुनेला माहेरच्या एसटीत बसवून दिलं. गाडी गेल्यावरही ती स्टँडवर रेंगाळली. पलीकडे खाप्याची गाडी लागली.

"बसायचं का, बाई?" कंडक्टरनं विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. ती गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत बघत उभी राहिली, मग पदर सावरून इतवारीकडे चालू लागली.