गल्लीत पसरलेली तूर

इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असताना माझ्याकडे सायकल होती, आणि ती घरातच होती. बाबांनी दहावीच्या निकालावर खूश होऊन ती आणली. आईने ती बैठकीच्या कोपऱ्यात उभी केली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागली. "गल्लीतल्या गाड्या आधी हळू जाऊ दे, मग चालव," एवढंच ती म्हणाली. आईचं बोलणं नेहमी थोडक्यात असायचं, त्यामुळे वाद घालायला जागा सापडायची नाही.

मग मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजला जायची. बाबा महसूल खात्यात क्लर्क होते. मला गेटपाशी उतरवून ते मी आत जाईपर्यंत उभे राहायचे, आणि मी अर्ध्या वाटेत असताना मोठ्याने विचारायचे, "डबा घेतला का?" कॉलेजात सगळा कारभार तेलुगू नाहीतर इंग्रजीत चालायचा. आदिलाबादच्या त्या गेटवर मराठीत मारलेली हाक कोणासाठी आहे, हे कोणालाही लगेच कळायचं. मी मान हलवायची आणि वेग वाढवायची. मला सायकल हवी होती ती मुख्यतः यासाठी.

आईची भीती खोटी नव्हती. कापसाचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डाकडचा मोठा रस्ता बैलबंड्यांनी भरून जायचा आणि सगळे ऑटो, मोटारसायकली आमच्या गल्लीतून घुसायच्या. एकदा एका मोटारसायकलवाल्याने शेजारच्या मास्तरांच्या हातातली वांग्यांची पिशवी नेली. चोरली नाही; हँडलला अडकून गेली. मास्तर बराच वेळ नुसता हात पुढे करून उभे होते.

त्यानंतर रविवारी विहारात वंदना झाल्यावर ओट्यावर बैठक बसली. स्पीड ब्रेकर पाहिजे, हे सगळ्यांना मान्य होतं. तो कोणाच्या दारापुढे, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मास्तरांच्या दारापुढे नको, कारण ब्रेकच्या आवाजाने मुलांचा अभ्यास होणार नाही. पलीकडे नको, तिथे म्हातारी झोपते. आमच्यापुढे बाबांनाच नको होता, कारण स्कूटर जुनी होती. कोपऱ्यावरचा तेलुगू दुकानदार तेवढा म्हणाला, माझ्या दुकानापुढे करा. तेही कोणाला पटलं नाही. गाड्या थांबल्या की याचं गिऱ्हाईक वाढेल, हे एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं.

"जागा ठरल्याशिवाय दरखास्त देता येत नाही," बाबा म्हणाले आणि उठले. मी घरी येऊन सायकलवरचा टॉवेल सरळ केला.

अशात तामसी गावाकडून माझी आत्या आली. ती बाबांची थोरली बहीण. गुडघ्याच्या इलाजासाठी येणार होती, पण उतरली ती गावातल्या एका कापसाच्या बंडीवरून, आणि सोबत तुरीच्या पेंढ्या. त्यांच्या गावाकडे तूर झोडपत बसायच्याऐवजी डांबरी रस्त्यावर पसरतात. बस, लॉरी वरून जाते आणि दाणे सुटतात.

"आमच्या तिकडं एक बस गेली की दुसरी कधी येते, देव जाणे," आत्या म्हणाली. "तुमच्या गल्लीत तं दिवसभर गाड्या धावून राह्यल्या. दोन दिवसात तूर मोकळी होते पाहा."

"आक्का, लोक काय म्हणतील? क्लर्कच्या घरापुढे खळं?" आई म्हणाली.

"लोकं डाळ खात नाहीत काय, वयनी?"

सकाळी तिने गल्लीभर तूर पसरली आणि ओट्यावर गुडघा चोळत बसली. पहिला ऑटो वेगात आला आणि तुरीपाशी करकचून थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "एंदम्मा इदि?" हे काय, असं तो विचारत होता.

"जाय ना बाप्पा, वरून जाय," आत्या म्हणाली. "थांबला काऊन?"

तो गेला, पण बैलाच्या चालीने. काड्या चाकात गुंतल्या, त्या सोडवायला त्याला मध्येच उतरावं लागलं. मागचा ऑटो हे पाहून परत फिरला. मोटारसायकलवाले घसरायच्या भीतीने उतरून गाडी ढकलत नेऊ लागले.

"जोरात चालवा ना रे," आत्या त्यांना सांगत होती. "पोरीसारखे काऊन चालून राह्यले?"

तिचा हिशोब एवढाच चुकला होता की आमच्या गल्लीत बस येत नव्हती. दुपारपर्यंत तर ऑटोही येईनासे झाले. तूर जशीच्या तशी होती. गल्ली इतकी शांत झाली की मास्तर रस्त्याच्या मधून चालत भाजी घेऊन आले.

आत्याने गाड्यांना नावं ठेवत काठी घेतली. मी टॉवेल काढला. संध्याकाळी तुरीच्या कडेकडेने मी गल्लीत चार चकरा मारल्या. आई दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तूर आहे तोवर जा."

तूर झोडपायला जितका वेळ लागेल तितका मला हवा होता. मी कॉलेजातून आले की आत्यासाठी चहा करायची, गुडघा शेकून द्यायची, जरा बसून घे म्हणायची.

"तुले माह्या गुडघ्याची लय काळजी आली गं," आत्या म्हणाली. "पहिले तं माह्याशी बोलत बी नव्हती."

मी तिच्यापुढे चहा ठेवला. शेजारणी मात्र मदतीला येऊ लागल्या आणि काम माझ्या अंदाजापेक्षा लवकर संपलं. आत्याने दाणे पाखडले, काड्या बांधल्या, गल्ली झाडून दिली. बाबांनी स्कूटर पुसली. म्हणजे उद्यापासून परत मागे बसायचं.

दुसऱ्या दिवशी मी वेणी घालत असताना बाहेर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आईने खाट रस्त्यात निम्म्यापर्यंत नेली होती आणि तिच्यावर लाल मिरच्या पसरत होती. समोरच्या काकू म्हणाल्या, "आमच्यापुढे बी ऊन चांगलं येते," आणि त्यांनी पलीकडच्या बाजूने आपली खाट काढली. मास्तरीणबाईंनी गादीचा कापूस आणला. आपल्या दारापुढे जे कोणालाच नको होतं, ते आता जो तो आपल्याच दारापुढे मांडत होता. कोणी कोणाला विचारलं नाही, बैठकही बसली नाही.

एक ऑटो खाटांमधून वाट काढत आला. ड्रायव्हरने विचारलं, "एंदम्मा इदि?"

परक्याशी एरवी न बोलणारी माझी आई म्हणाली, "मिरपकायलु," म्हणजे मिरच्या, आणि ते अशा थाटात, की जणू नगरपालिकेनेच तिला इथे बसवलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उभी काय राहिलीस? घंटी वाजवत जा."

त्या गाडीने उडवलेला मिरच्यांचा खकाणा अजून हवेत होता. मी शिंकत शिंकत सायकल काढली, कोपऱ्यावर दुकानदाराला पाहून उगीचच घंटी वाजवली, आणि मोठ्या रस्त्याकडे वळले.