जवाईबापूंचं दोलन

साऱ्या सौंसर तालुक्यात माझ्या नणंदेच्या नवऱ्याइतका डळमळीत माणूस झाला नाही. विज्ञानाचे मास्तर होते, म्हणून डळमळण्याला ते दोलन म्हणत. आमच्या नातवाच्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढत होते, तर बाजूला उभे राहून बायकांना शिकवू लागले, "मधातून इकडं जाते, तिकडं जाते, पुन्हा मधात येते, त्याले दोलन म्हणतात." मी म्हटलं, "जवाईबापू, पोरगं झोपून राहिलं. तुम्ही बी गप बसा." पण त्यांना सगळीकडे तेच दिसे. बैलाची शेपटी, संत्र्याचा भाव, सुनेचा राग, सारं दोलन. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघाले की छत्री घ्यावी की ठेवावी म्हणून फाटकातून इतक्यांदा परतत की बस निघून जाई. "हे बी दोलनच," असं वर हसून सांगत.

संत्र्याच्या बागेत मात्र हे चालत नाही. बहार धरायचा तर झाडांना ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं, आणि पानं मलूल झाली तरी मन घट्ट ठेवायचं. जवाईबापूंना झाडांची दया येई. म्हणून त्या दिवसांत माझी नणंद पंपघराची किल्ली पदराला बांधून ठेवी. पंपघरात ती त्यांच्या मागं उभी राही आणि ती म्हणेल तेव्हाच पाणी सुटे. ती वारली आणि लागोपाठ बहार हुकले. सकाळी पाणी तोडत, संध्याकाळी सोडत. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, औंदा फुललं नाही तर बाग विकून टाकू. तुम्ही नागपूरले चला माझ्याकडं."

तेव्हा ते पांढुर्ण्याला माझ्याकडे आले आणि किल्ली पुढ्यात ठेवली. "वहिनी, मी मांगतली तरी देऊ नका."

आठवडा झाला नाही तोच हजर. "झाडं मरून राहिली, वहिनी. थोडंसंच सोडतो."

"चहा घ्या अन् जा."

पुन्हा आले. "आता ताण पुरे झाला वाटते."

"मागच्या खेपेला बी असंच वाटलं होतं. तुमची बाग गेली तर नागपूरच्या तिसऱ्या माळ्यावर काय कुंडीले पाणी घालान?"

चहा संपवला. पुढची बस धरली.

यंदा बाग पांढरीशुभ्र फुलली. मुलगा विकायचं नाव काढत नाही. मला आठवते ती त्याआधीची सकाळ. पानं पार वळली तेव्हा मीच किल्ली घेऊन सौंसरला गेले. त्यांनी पंपघर उघडलं, बटणावर हात ठेवला आणि मागं वळून विचारलं, "सोडू का पाणी?"

मी त्यांच्या समोर उभी होते. मागं कोणी नव्हतं.

मीच म्हटलं, "सोडा."