सतरंजीवरची जागा

खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मी पुन्हा भजनी मंडळात गेले. पाय आता दुखत नाही, पण डॉक्टरांनी मांडी घालायला कायमची मनाई केली आहे. म्हणून सगळ्याजणी सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीत.

मैत्रिणींचे भांग पहिल्यांदाच असे वरून दिसले. किती विरळ झाले होते केस!

"छान दिसतेस गं," कुसुम मान वर करून म्हणाली. इतकी वर्षं आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. ठेका ती माझ्याच मांडीवर धरायची. अभंग सुरू झाला, तसा तिचा हात सवयीने शेजारी गेला, खुर्चीच्या लोखंडी पायाला लागला आणि गुपचूप स्वतःच्या मांडीवर परतला.

वर बसलं की नको ते सगळं दिसतं.