नवसाच्या गोळ्या आणि खाडीतला जिताडा

माझ्या पदवीचा निकाल लागला त्या दिवशी बा मुंबईत होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा फार मागणी होती. अमरावतीहून कापूस घेऊन ज्या बैलगाड्या रेल्वेच्या टोकापर्यंत निघाल्या, त्यांतली एक आमची होती. तिथं बैल सोबत्यांच्या हवाली करून तो आगगाडीनं मला भेटायला आला. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिलाच.

मी पास झाल्याचं ऐकून तो एवढंच म्हणाला, "कणीक भेटते काय इथं?"

कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या डोहात आमच्याकडचे लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. तळातून मोठा मासा वर येतो, पाठ दाखवतो, गोळी गिळतो. मोठ्या माशानं गिळली की नवस पोचला. मी पास झालो तर त्याच दिवशी एकशे आठ गोळ्या घालीन आणि मोठा मासा गोळी खाईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं बा तिथं बोलून आला होता. आता नदी कितीतरी कोस मागं राहिली होती.

"पाणी ते पाणी," तो म्हणाला. "मासा तो मासा."

शिवडीच्या खाडीवर पोचलो तेव्हा भरती चढत होती. हात जोडून बा एकेक गोळी सोडू लागला. वीतभर लांबीचे रुपेरी मासे झुंडीनं आले आणि गोळ्या कुरतडू लागले. मोठा एकही वर आला नाही. गोळ्या संपल्या, ऊन माथ्यावर आलं, आणि बा काठावरच बसला.

"बा, काहीतरी खाऊन घे."

"नवस म्हंजे तुही परीक्षा हाय काय, थोडं चुकलं तरी पास कराले?"

जवळच एक कोळीण जाळं सोडवत बसली होती. "कोनाची वाट बघतोस, बाबा?"

"मोठ्या माशाची. कणीक खाले येईन म्हनलं."

ती खदखदून हसली. "मोठा मासा कनिक नाय खात. मोठा मासा मासाच खातो."

बाचा चेहरा पार उतरला. मी तिला नवसाचं सांगितलं, तशी ती हसायची थांबली. पाटीतला हातभर जिताडा मासा काढून तिनं त्याचं पोट चिरलं. आत तसाच एक रुपेरी मासा निघाला.

"ही बोय. चिखलावरचं चाटते, वाहून आलेलं खाते. तुझ्या गोल्या हिनंच खाल्ल्या. नि हिला खातो जिताडा. तुझी कनिक त्याला पोचते ती हिच्या तोंडानं."

बानं ती बोय हातात घेऊन उलटीपालटी केली. "म्हंजे आपल्या वावरावानी," तो हळूहळू म्हणाला. "कापसाच्या पऱ्हाटीचं पान अळी खाते, अळीले साळुंकी, साळुंकीले शिकरा." मग मान हलवली. "पन बाई, हा जिताडा तर सकाळचा हाय. माह्या गोळ्या आत्ताच्या."

"त्याचे भाऊ हायेत ना पान्यात!"

तेवढ्यात बोयींची झुंड फुटली. दोनतीन पाण्याबाहेर उडाल्या, खालून रुंद काळी पाठ वळली, आणि जिथं बोय होती तिथं नुसतं वर्तुळ उरलं.

बा ताडकन उभा राहिला. "पोचला," तो म्हणाला आणि कोळणीपुढं हात पसरला. "आन बाई, असन तर भाकर."

तिनं तांदळाची भाकरी दिली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस, पण त्यानं ती चवीनं खाल्ली. खाता खाता माझ्याकडं बघितलं. "इतकं शिकला तू. हे तुले काहून मालूम नव्हतं?"

माझ्या पदवीत भूमिती होती, तर्कशास्त्र होतं. मासा कुणाच्या तोंडानं जेवतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मी अमरावतीच्या शाळेत शिकवतो. बा गेला त्याला बरीच वर्षं झाली. निकालाच्या दिवसांत मी कौंडण्यपूरला जातो, डोहात गोळ्या सोडतो. मोठ्या माशाची वाट मात्र बघत नाही. काठाशी बारके मासे येतात, कुरतडतात. त्यांचं पोट भरलं की मी घरी येऊन जेवतो.