कॅलमचा करार आणि सासूबाईंचे अनारसे

तुम्ही चहा घेताय तोवर सांगून टाकतो, म्हणजे निदान कपात बघत बोलायची सोय राहील मला. गेल्या दिवाळीत मी एका धडधाकट ऑस्ट्रेलियन माणसाला अमली पदार्थ खाऊ घातल्याची लेखी कबुली दिली. जर्मन भाषेत, सहीनिशी, सोबत पासपोर्टची प्रत जोडून. हसू नका, अजून मूळ मुद्दा यायचाय.

कोलोनला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या बरोब्बर डोक्यावर राहतो कॅलम. मूळचा अ‍ॅडलेडचा. जिन्यात पहिल्यांदा भेटला तेव्हा ऑस्ट्रेलियन म्हटल्यावर मी साहजिकच विचारलं, "फास्ट की स्पिन?"

तो म्हणाला, "फुटबॉल. डिफेंडर."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्याने लगेच "थोडीफार बॅटिंग येते" म्हणून माझी समजूत घातली.

ओळख वाढली ती पार्सलांमुळे. इथला कुरियरवाला ज्याचं पार्सल असतं तो सोडून बाकी सगळ्यांची बेल वाजवतो, आणि मी घरून काम करतो. त्याची पार्सलं घेता घेता त्याची सगळी कर्मकहाणी मला पाठ झाली. अ‍ॅडलेडहून स्कॉटलंडला गेला, तिथे सहा महिने राखीव बाकावर बसून काढले. मग त्या क्लबने त्याला डेन्मार्कच्या क्लबला उसना दिला. आता आपण शेजाऱ्याला शिडी उसनी देतो, फार तर इडलीपात्र देतो. हे लोक अख्खा माणूस देतात. बरं, डेन्मार्कचा तो क्लब त्याच वर्षी खालच्या लीगमध्ये घसरला. मग हा इथे तिसऱ्या लीगमधल्या एका क्लबात आला, आणि पहिल्याच महिन्यात गुडघा गेला. ऑपरेशन, नऊ महिने घरी.

करार होता फक्त हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत. "पुढचा करार नाही मिळाला तर घरी जाईन आणि बाबांच्या दुकानात फरश्या विकेन," असं तो हसत सांगायचा. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

आमचं घर हळूहळू फुटबॉलमय झालं. माझी नऊ वर्षांची ईरा, जी मराठीतल्या प्रत्येक प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते, ती त्याच्या क्लबचे गुण रोज सांगू लागली. दिवाळीसाठी सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाईसुद्धा सकाळी उठल्या की विचारायच्या, "सुधीरराव, आपला वरचा खेळणार का हो या आठवड्यात?"

आणि एका शनिवारी तो खेळणार असं कळलं. दुसऱ्या दिवशी, पहिल्यापासून, पूर्ण सामना. सासूबाईंनी तत्काळ फराळाचा डबा भरला. चकल्या, शंकरपाळे आणि वर सहा अनारसे. मीच तो वर नेऊन दिला. कॅलमने दारातच एक अनारसा तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाला, "हे काय आहे?" मी अभिमानाने म्हणालो, "सासूबाई."

रविवारी तो असा खेळला म्हणता! म्हणजे असं ईरा म्हणाली. मला डिफेंडर चांगला खेळला हे नेमकं कशावरून ओळखतात ते अजून कळत नाही. पण ते सामना जिंकले, आणि गुरुवारी करारासाठी त्याला क्लबच्या ऑफिसात बोलावणं आलं.

सोमवारी दुपारी तो जिन्यात भेटला. भलताच खुशीत होता. म्हणाला, "सामना संपल्यावर डोपिंग टेस्टसाठी माझंच नाव निघालं. दोन तास बसलो, पाच बाटल्या पाणी प्यायलो, तेव्हा कुठे नमुना देता आला."

"अरे वा," म्हणालो मी आणि घरात आलो. लॅपटॉपसमोर बसलो. आणि एकदम आठवलं.

अनारसे. खसखस.

जर्मनीला येण्याआधी मी चार वर्षं दुबईला होतो. दुबईला जाणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, पासपोर्ट घेतलास का हे नंतर विचारतात, आधी बॅग उपसून खसखस शोधतात. मसाल्यात नाही ना, लाडवात नाही ना? अफूच्या बोंडातला दाणा तो, तिथे सापडला तर थेट तुरुंग. ती भीती माझ्या हाडीमांसी मुरलेली. मी इंटरनेटवर शोधलं, तर खसखस खाऊन टेस्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या कहाण्याच कहाण्या. नऊ महिने गुडघा धरून बसलेला पोरगा, एकदाचा मैदानात उतरतो, आणि त्याला बुडवतो कोण? तर मी.

बायकोला, मानसीला, बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "सुधीर, आधी आईला तरी विचार."

"वेडी आहेस का? त्यांच्या अनारशांनी एका माणसाचं करिअर बुडालं हे त्यांना सांगू? ऐन दिवाळीत?"

"मग कॅलमला सांग."

"गुरुवारी करार आहे. आत्ता सांगितलं तर बिचारा झोपणार नाही."

"मग गप्प बस."

तेवढं ऐकलं असतं तर आज हा चहा नुसता चहा राहिला असता. पण सहा वर्षं जर्मनीत काढलेल्या माणसाला एक रोग जडतो. काहीही झालं की तो पत्र लिहितो. मी क्लबला पत्र लिहिलं. "हिअरमिट एर्क्लेरे इश" अशी सुरुवात केली, म्हणजे "याद्वारे मी जाहीर करतो". खेळाडू निर्दोष आहे, त्याला काहीही कल्पना नव्हती, सर्व जबाबदारी माझी. 'खसखस' हा शब्द मला फार घरगुती वाटला, म्हणून पत्राला वजन यावं यासाठी कायद्यातला 'अमली पदार्थ' हा शब्द शोधून घातला. सोबत पासपोर्टची प्रत, रहिवासी नोंदणीची प्रत आणि आकार कळावा म्हणून फुटपट्टीशेजारी ठेवलेल्या अनारशाचा फोटो. वाचून माझाच ऊर भरून आला. इतकं निर्दोष जर्मन मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

बुधवारी फोन आला. क्लबच्या डॉक्टरीणबाई.

"तुम्ही आमच्या खेळाडूला काय दिलंत?"

"अनारसे."

"इंजेक्शनने?"

"नाही हो, तुपात तळून."

मग त्या म्हणाल्या, "उरलेला माल घेऊन उद्या सकाळी नऊला या." त्या चक्क 'माल' म्हणाल्या.

गुरुवारी स्टीलच्या डब्यात तीन अनारसे घेऊन मी क्लबच्या ऑफिसात पोचलो. कॉरिडॉरमध्ये इस्त्रीच्या शर्टात कॅलम बसलेला. त्याच्या कराराची बैठक नऊला होती, ती डॉक्टरांचं काहीतरी काम निघाल्यामुळे थांबवलीय असं त्याने मला सांगितलं.

"तू इथे कसा?" त्याने विचारलं.

मी डबा मागे लपवला. "पार्सल आहे," म्हणालो.

आत डॉक्टरीणबाई आणि क्लबचे मॅनेजर बसले होते. टेबलावर माझं पत्र, खाली रेघा मारलेलं. मी उभ्या उभ्या पुन्हा सगळं कबूल केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा अमली पदार्थ म्हणजे मोन? खसखस?"

"हो."

"आमच्या कँटीनमध्ये खसखशीचा केक मिळतो. सामन्याच्या आसपास त्याचा फडशा पाडू नका असं मी मुलांना सांगते. पण चिमूटभर दाण्यांनी माणूस गुन्हेगार होत नाही. तुम्ही इथे किती वर्षं राहता?"

"सहा."

"आणि पावावरचे काळे दाणे काय आहेत असं वाटत होतं तुम्हाला?"

आपली खसखस पांढरी, यांची काळीनिळी. मी रोज न्याहारीला तोच पाव खातो आणि सहा वर्षं ते दाणे कसले याचा विचारही केला नव्हता. मॅनेजरने खिडकीबाहेर तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

बाईंनी तरीही नियमाप्रमाणे डबा उघडला. एक अनारसा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, नखाने वरचा दाणा खरवडला, जिभेवर ठेवला. पुन्हा खरवडला.

"मिस्टर सुधीर," त्या म्हणाल्या, "हा ग्रीस आहे."

ग्रीस म्हणजे रवा.

"रवा?"

"रवा. माझी आजी याची खीर करायची." आणि त्यांनी तो अनारसा खाऊन टाकला.

मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत बसलोच, कुणी बस म्हटलं नसताना. पाच मिनिटांत कॅलमला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा दोन वर्षांचा करार झाला होता. त्याने मला उचलून एक गिरकी घेतली, आणि तो त्या गुडघ्यावर वजन घेतोय म्हणून मीच ओरडलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी नाकारत नाही. फरशीचं दुकान टळलं होतं. पत्राचं त्याला मॅनेजरने आतच सांगितलं होतं. ते फ्रेम करून भिंतीवर लावणार म्हणाला.

घरी आलो. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत सोलणं थांबवलं नाही.

"अहो आई," मी विचारलं, "पण अनारशाला रवा का लावलात?"

"सुधीरराव, माझं विमान दुबईवरून होतं. निघायच्या आधी तीनदा फोन करून कुणी बजावलं होतं, आई, खसखशीचा एक दाणासुद्धा आणू नका म्हणून?"

मी मानसीकडे बघितलं. ती ओट्याकडे तोंड करून हसत होती.

"मी," मी म्हणालो.

"आणि आल्यापासून अनारसे किती खाल्लेत तुम्ही?"

"अकरा."

"अकरा," त्या म्हणाल्या. "आणि वर रवा आहे हे सांगायला एक जर्मन डॉक्टरीण लागली."